देवळातली जुनी चांदी मोडीत घालण्याआधी निदान वजन आणि फोटो तरी करून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात चरईला राहतो. चांदीचा कारागीर आहे, म्हणजे दुकानवाला नाही, दुकानवाल्यांचं काम करून देणारा. चाळीस वर्षं राळ, छिन्नी आणि हातोडी एवढंच केलं, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बारीक काम सोडलंय. तुमच्या पेपरात चांदीच्या भावाची चौकट रोज वाचतो, २०२५ मध्ये भाव किलोला लाखाच्या पुढे गेला तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती तुमच्या वाचकांपर्यंत जावी म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय पण कृपया कापू नका.

भाव वाढला की बाजारात मोड वाढते. मोड म्हणजे जुनी चांदी देऊन नवी घेणं किंवा पैसे घेणं. लोक घरातली ताटं, वाट्या, अत्तरदाण्या, आजीचे तोडे सगळं घेऊन येतात, ते त्यांचं आहे, गरज असते, त्यावर मी बोलणार नाही. पण त्याच मोडीत अधूनमधून चर्चच्या वस्तू येतात आणि हे बाहेर कोणाला माहीत नसतं. काही महिन्यांपूर्वी मी एका ओळखीच्याच्या कारखान्यात चहा प्यायला बसलो होतो तर एक गृहस्थ कागदात गुंडाळून दोन वस्तू घेऊन आले, एक उंच पेला आणि त्याच्यावर ठेवायची छोटी तबकडी. म्हणाले देवळाला (म्हणजे चर्चला) नवीन सेट भेट मिळालाय, हा काळा पडलाय, बघा किती होतात. मी पेला उलटा केला तर बुडाला आतल्या बाजूने रोमन अक्षरात दोन ओळी कोरलेल्या. मी त्यांना म्हटलं साहेब हे आज ठेवून जाऊ नका, परत न्या, फादरना एकदा दाखवा की खाली काय लिहिलंय. ते नाराज झाले पण घेऊन गेले. नंतर दुसऱ्या दुकानात गेले असतील तर मला माहीत नाही.

ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादर ज्या पेल्यात द्राक्षारस घेतात तो चॅलिस, मराठीत चषक म्हणतात. त्यावरची तबकडी पॅटन. ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या चकत्या ठेवायचं झाकणाचं भांडं ते सिबोरियम. सूर्याच्या किरणांसारखी गोल चौकट असलेलं, मध्ये काच, ज्यात तो प्रसाद सगळ्यांना दर्शनासाठी ठेवतात ते मॉन्स्ट्रन्स. साखळ्यांचं धुपाटणं आणि त्याच्याबरोबर धूप ठेवायची होडीच्या आकाराची डबी, तिला होडीच म्हणतात, आणि तिच्यात छोटा चमचा. आमचे ईस्ट इंडियन शेजारी, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक, चर्चला देऊळच म्हणतात आणि मला तो शब्द आवडतो, मी पुढे तोच वापरतो.

कारागीर म्हणून सांगतो, जुना चॅलिस म्हणजे एक वस्तू नसते, तीन-चार तुकडे असतात. वरची वाटी वेगळी, मधली दांडी आणि तिच्यावरची गाठ वेगळी, खाली बैठक वेगळी, आतून आट्याचा स्क्रू घालून कसलेलं. गाठ कशासाठी तर फादरच्या बोटांची पकड सुटू नये. बैठक रुंद आणि जड कारण रस भरलेला पेला कलंडून चालणार नाही. बैठकीवर उठावाचं काम असतं, आतून ठोकून बाहेर फुगवलेलं, द्राक्षाचे घड, गव्हाची कणसं, कधी क्रूसावर चढवलेल्या येशूच्या छळाची हत्यारं, हातोडी, खिळे, शिडी. एकेक पाकळी राळेवर चिकटवून, गरम करून, काढून, परत चिकटवून अशी दिवसच्या दिवस ठोकलेली असते. आज डायमधून दाबून निघालेला पितळेचा पेला, वर सोन्याचा मुलामा, तो दिसायला जास्त चकचकीत असतो हे खरंय, पण हातात घेतला की कळतं.

वाटी आतून सोनेरी का असते हे खूप जणांना माहीत नसतं. चर्चचा नियमच आहे, भांडं सोन्यापेक्षा हलक्या धातूचं असेल तर आतून सोन्याचा मुलामा द्यायचा. इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. विजेवर मुलामा चढवायचं तंत्र १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आलं, त्याच्या आधीचं जे सोनेरी काम आहे ते पाऱ्यातलं. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा चांदीवर लावायचा आणि भट्टीवर पारा उडवून द्यायचा, सोनं तिथेच बसतं. कारागिराच्या फुप्फुसाची वाट लागायची, पण थर जाड बसायचा, रंग मधासारखा आणि जरा खोल. असा मुलामा आता क्वचितच कोणी करतं, करू पण नये. म्हणजे तो एकदा घासला गेला की गेला, त्याच्यावर आजचं प्लेटिंग केलं की चमक येते पण खालचं दोनशे वर्षांचं काम पुसलं जातं. मी स्वतः असे तीन-चार चॅलिस बफिंगच्या चाकावर धरलेत, शेठने सांगितलं आरशासारखे करून दे, मी दिले. बैठकीवरच्या छोट्या चेहऱ्यांची नाकं गुळगुळीत झाली. तेव्हा वाटलं काम छान झालं.

काळं पडणं म्हणजे चांदी खराब होणं नाही हे मी प्रत्येकाला सांगतो. हवेतल्या गंधकाशी चांदीची क्रिया होते, वर पातळ काळा थर बसतो, ठाण्यासारख्या खाडीच्या दमट हवेत जरा लवकर बसतो एवढंच. उठावाच्या कामात खाचेतला काळेपणा राहिला पाहिजे, त्यानेच नक्षी डोळ्यात भरते. लोक काय करतात, रांगोळी, राख, दात घासायची पेस्ट, चिंच, नाहीतर बाजारातलं डिपचं पाणी. डिपने पाच सेकंदात पांढरं होतं आणि वरची चांदीही थोडी खाऊन टाकतं, शिवाय जोडाच्या फटीत ते पाणी राहतं आणि आतून कुरतडत बसतं. रोजच्या वापरानंतर कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कपड्याने लगेच कोरडं करायचं, एवढं पुरतं. मेणबत्तीचं मेण सुरीने खरवडू नका, कोमट पाण्यात सोडवा. रबरबँड लावून ठेवू नका, रबराच्या खाली काळी रेघ पडते ती जाता जात नाही. वर्तमानपत्रात गुंडाळू नका (हे तुमच्याच पेपरात लिहितोय म्हणून राग मानू नका), मलमलच्या पिशवीत ठेवा.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. १९८७ चा पावसाळा. मी एका दुकानाच्या मागच्या कारखान्यात कामाला होतो, दुकानाचं नाव लिहीत नाही, शेठ आता नाहीत. एका देवळातून धुपाटणं आणि होडी मोडीत आली. धुपाटण्याच्या झाकणाची जाळी दोन ठिकाणी तुटली होती, आतून निखाऱ्याने जळून पत्रा पातळ झाला होता. होडी मात्र शाबूत. दोन्ही टोकं वर वळलेली, अगदी आपल्या कोळ्यांच्या होडीसारखी, झाकणाचे दोन अर्धे पल्ले बिजागरीवर उघडणारे, आणि बाजूला लाटांची नक्षी, प्रत्येक लाट छिन्नीच्या एका फटक्यात काढलेली. मी आधी दहा वर्षं काम केलं होतं, तो हात मला ओळखू आला, म्हणजे माणूस नाही, पद्धत, आपल्याकडचीच. शेठने कसोटीवर घासून बघितलं, शिक्का नाही म्हणून टंच, म्हणजे चांदीचा कस, कमी धरला, वजन केलं, तीनशे चाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि मला म्हणाले चेपून मुशीत घाल. मी हातोडीने ती होडी चेपली. मीच. ९६२ अंशाला चांदी वितळते, मुशीत टाकणखार टाकला की वर काच होते आणि खाली चांदी आरशासारखी दिसते, त्यात लाटा कुठे गेल्या काही कळत नाही. बुडाला काही अक्षरं होती. मला तेव्हा रोमन अक्षरं वाचता येत होती, मी वाचली नाहीत.

शिक्का नाही म्हणून चांदी हलकी असा हिशोब तेव्हाही चुकीचा होता आणि आजही दुकानात हाच चालतो. इंग्लंडमधून आलेल्या वस्तूंवर शिक्के असतात, चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि एक अक्षर सालाचं. पण आपल्याकडच्या सोनारांनी घडवलेल्या जुन्या वस्तूंवर बहुतेक वेळा काहीच नसतं. कारण लोक चांदीचे रुपये आणून द्यायचे आणि सोनार त्यातूनच घडवायचा, आणि १९४० च्या आधीचा ब्रिटिश रुपया हजारात ९१७ चांदीचा. म्हणजे बिनशिक्क्याची वस्तू पण चांगली चांदी असू शकते.

आणि घडवलं कोणी? हे माझ्या सारख्याला फार लागतं. गोव्यात १५६७ च्या धर्मपरिषदेत ठराव झाला होता की ख्रिस्ती लोकांनी पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत. ठराव करावा लागला याचा अर्थ करून घेतच होते, आणि पुढेही घेत राहिले. जुन्या गोव्यात बॉम जेझसच्या देवळात सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी आहे ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच चांदीकामगारांनी केली. मी २००४ साली गेलो होतो, ती खूप उंचावर आहे, खालून नीट दिसत नाही, तरी मी अर्धा तास तिथे उभा होतो, माझ्या मुलाला वाटलं बाबांना चक्कर आली. तिथेच सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे, तिथली एक चांदीची वस्तू मी कधी विसरणार नाही, पृथ्वीच्या गोलावर बसलेला पेलिकन पक्षी. पेलिकन आपली छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत, म्हणून येशूची खूण. त्या पक्ष्याची पिसं बघा एकदा. म्हणून ही भांडी चर्चची आहेत तशी आमच्या हाताची पण आहेत, आणि ती मोडीत निघाली की दोघांचंही जातं.

ठाण्याचं म्हणाल तर हा धर्म इथे कालपरवा आलेला नाही. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंना मारलं गेलं, त्याच्या पुढच्या काही वर्षांत ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला, म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी युरोपात ठाण्याचं नाव माहीत होतं. मग पोर्तुगीज आले, १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईकडच्या देवळांच्या घंटा आपल्या मंदिरांत गेल्या हे सगळ्यांना माहीत आहे, भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात आहे. त्या घंटा टिकल्या कारण त्या टांगल्या गेल्या आणि वाजत राहिल्या, तिथल्या पुजाऱ्यांनी वरचा क्रूस पण घासून काढला नाही. चांदीचं तसं नाही. चांदी खिशात मावते आणि मुशीत मावते.

इंग्रजांचं देऊळ पण आहे आपल्याकडे, जेलच्या बाजूचं सेंट जेम्स, १८२५ ला बिशप हेबर यांनी त्याचं अर्पण केलं. अँग्लिकन लोकांचा पेला कॅथलिक पेल्यापेक्षा मोठा आणि साधा असायचा, कारण त्यांच्यात सगळे लोक त्याच पेल्यातून रस घ्यायचे, कॅथलिकांत पूर्वी फक्त फादर घ्यायचे म्हणून वाटी छोटी. नुसती वाटी बघून वस्तू कुठल्या देवळाची असेल याचा अंदाज येतो. हे मला एका म्हाताऱ्या फादरनी शिकवलं, आणि त्यांनीच मला चर्चचे नियम वाचून दाखवले, मी वहीत उतरवून घेतलेत. १९८३ च्या त्यांच्या कायद्यात कलम १२८३ आहे, की देवळाच्या मौल्यवान आणि सांस्कृतिक महत्त्वाच्या वस्तूंची अचूक यादी वर्णनासकट करायची, एक प्रत देवळात आणि एक धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयात, आणि काही बदल झाला तर दोन्हीकडे नोंद. कलम १२९२ म्हणतं की कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू द्यायची-विकायची असेल तर थेट रोमची परवानगी लागते. म्हणजे कमिटीने मीटिंगमध्ये हात वर करून ठरवायची ही गोष्टच नाही. १९९९ मध्ये व्हॅटिकनने वेगळं पत्र काढून सगळ्या बिशपांना सांगितलं की याद्या करणं तातडीचं आहे. आणि आपल्या देशाचा १९७२ चा कायदा आहेच, १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरातन धरली जाते, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायचा तर लायसन्स लागतं. आमच्या बाजारात हे किती जणांना माहीत आहे, मला चाळीस वर्षांत एकाही शेठने सांगितलं नव्हतं.

मला कोणाला दोष द्यायचा नाहीये. देवळात पैशाची गरज असते, छप्पर गळतं, शाळेचं काम असतं. कोणीतरी आईवडिलांच्या आठवणीत नवीन सेट देतो, श्रद्धेने देतो, मग जुना कपाटात मागे जातो, काळा पडतो, फादर दर काही वर्षांनी बदलतात, नव्या फादरना माहीत नसतं, साक्रिस्टी, म्हणजे देवळातली भांडी-वस्त्रं ठेवायची खोली, सांभाळणारी जुनी बाई किंवा माणूस जातो आणि त्याच्याबरोबर माहिती जाते. हे असंच होतं, वाईट हेतू कोणाचाच नसतो, माझा पण नव्हता.

पण थोडं काम केलं तर थांबेल. मोबाईल सगळ्यांकडे आहे. दरवाजाजवळ उजेडात एका पांढऱ्या चादरीवर वस्तू ठेवा, समोरून, बाजूने आणि मुख्य म्हणजे उलटी करून बुडाचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप येतं. वजन करा. कोरलेलं जे असेल ते जसंच्या तसं लिहून घ्या, कळो न कळो. चेपलेलं, डाग देऊन सांधलेलं, तुटलेलं काही असेल तर तेही लिहा, चोरी झाली तर पोलिसांना हीच खूण कामाला येते, जगभर चोरीच्या वस्तू याच पद्धतीने सापडतात. म्हाताऱ्या लोकांना विचारा ही कधीपासून बघताय, सणाला कुठली निघायची. ज्यांच्याकडे ठेवायला सुरक्षित जागा नाही त्यांनी गोरेगावला सेंट पायस कॉलेजमध्ये धर्मप्रांताचं म्युझियम आहे तिथे विचारावं. वाशी-नेरूळकडची देवळं नवीन आहेत, तिथे जुनं कमी असणार, पण कोणी गावाकडच्या देवळातून आणलेला एखादा पेला असू शकतो, बघून घ्या.

आणि वस्तू जुनी आहे म्हणून वापरू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट सणाला तरी काढा. पेला पेटीत बंद राहिला की तो आपला आहे हेच लोक विसरतात.

माझ्या बाजारातल्या भावांना पण सांगणं आहे, जांभळी नाक्यापासून राम मारुती रोडपर्यंत जे कोणी मोड घेतात त्यांना. क्रूस असलेली, खाली अक्षरं असलेली वस्तू आली तर त्याच दिवशी गाळू नका. आठ दिवस ठेवा, आणणाऱ्याकडून देवळाचं पत्र मागा. भाव आठ दिवसांत इकडे तिकडे होईल, सहन करा.

मला बोलावलं तर मी येईन. वजनकाटा, भिंग आणि कसोटी माझ्याकडे आहे, पैसे नकोत. रविवारी मिस्सा संपल्यावर तास-दोन तास बसून दहा-बारा वस्तूंची यादी सहज होते. माझा पत्ता संपादकांकडे दिलाय.

एक शेवटचं विचारायचं आहे. १९८७ ला ती होडी आली तेव्हा तिच्यातला चमचा पितळेचा निघाला म्हणून शेठने परत देऊन टाकला होता. म्हणजे तो कुठल्यातरी देवळात असायला पाहिजे, नव्या धुपाटण्याबरोबर कोणी वापरत पण असेल. बोटाएवढा आहे, दांडी जरा वाकलेली आणि टोकाला छोटा शिंपला. कोणाच्या साक्रिस्टीत दिसला तर मला एवढंच कळवा की आहे.

आपला,
एक चांदी कारागीर, चरई, ठाणे